ब्राझील नट वेचल्याने जंगल वाचतं का?

रानवाट

मागच्या आठवड्यात एका मैत्रिणीने पाकिटाचा फोटो पाठवला. वर पोपट, हिरवी पानं आणि एक ओळ: 'यातली प्रत्येक बी ॲमेझॉनचं जंगल वाचवते.' खाली तिचा प्रश्न, "तू तिकडे होतास ना? खरं आहे का हे?"

होतो. पेरूच्या माद्रे दे दिओस भागात पावसाळ्याचे दोन हंगाम, मधमाश्या मोजणाऱ्या एका चमूत, बिनपगारी हमाल म्हणून. तिला मी 'अर्धं खरं' एवढंच कळवलं. उरलेलं अर्धं डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

आधी झाड. शास्त्रीय नाव बर्थोलेशिया एक्सेल्सा. हम्बोल्ट आणि बोंप्लां या निसर्ग-अभ्यासकांच्या जोडीने बर्थोले नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञावरून ठेवलेलं. 'ब्राझील नट' यातले दोन्ही शब्द दिशाभूल करणारे. वनस्पतिशास्त्राच्या हिशेबाने हे कवचफळ नाही, बी आहे. आणि सोललेला माल सगळ्यात जास्त बाहेर पाठवतो तो बोलिव्हिया. ब्राझील, बोलिव्हिया, पेरू या तिन्ही देशांत लोक याला 'कास्तान्या' म्हणतात. झाड ५० मीटरपर्यंत जातं, आजूबाजूच्या जंगलाच्या डोक्यावरून छत्रीसारखं बाहेर येतं. काही झाडं पाचशे वर्षांच्या पुढची आहेत.

फळ म्हणजे लाकडी तोफगोळा. दोन किलोपर्यंत वजन, आत १० ते २५ बिया संत्र्याच्या फोडींसारख्या चपखल बसवलेल्या. फूल ते पिकलेलं फळ या प्रवासाला १४-१५ महिने लागतात, त्यामुळे झाडावर यंदाची फुलं आणि मागच्या खेपेची फळं एकदमच दिसतात. वर चढून फळ काढायचा प्रश्नच येत नाही. पिकलं की पडतं. नोव्हेंबर-डिसेंबरात पडझड सुरू होते, फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते. आमच्या तळावर रात्री लांबून 'धप्प' आवाज यायचा आणि सगळे एक क्षण बोलायचे थांबायचे. वारा सुटला असेल तर जाणता माणूस त्या झाडाखाली पाऊल टाकत नाही.

वेचणारा फळं गोळा करून ढीग लावतो, मग माचेतेने, म्हणजे लांब सुऱ्याने, एकेकाचं टोपण उडवतो. ओल्या बिया पोत्यात, पोतं पाठीवर, पट्टा कपाळावर. माद्रे दे दिओसमध्ये माप असतं 'बार्रिका', साधारण ७० किलो. असं पोतं घेऊन लोक चिखलातून, ओढ्यावरच्या ओंडक्यावरून चालतात. मी अर्धं उचलून पाहिलं. पन्नास पावलांत बसलो. सोबतचे दोन दिवस हसत होते.

आता माश्या. फुलाचा मधला भाग जाड, आत वळलेल्या झाकणाने बंद असतो. ते उचलून आत शिरायला अंगात ताकद लागते. ती भुंग्याएवढ्या मोठ्या माश्यांत असते, मधाच्या पोळ्यातल्या छोट्या माशीत नाही. फूल पहाटे उमलतं, दुपारनंतर गळायला लागतं. एवढ्या वेळात काम झालं तर झालं. या माश्यांना वर्षभर खायला-राहायला बाकीचं जंगल लागतं. लागवडीचे प्रयत्न झालेत, पण बाजारातला जवळजवळ सगळा माल आजही रानातल्या झाडांखालूनच येतो.

पाकिटावरची ओळ इथून आली. जंगल तोडलं की फळ घटतं, म्हणजे फळाला गिऱ्हाईक मिळालं की जंगल टिकेल. तर्क गोड आहे. पण मधला एक माणूस त्यातून गळला आहे. झाड सरासरी हेक्टरी एखादंच. एका कुटुंबाला पोट भरायला शेकडो हेक्टर लागतात. तेवढं रान 'माझं' म्हणायचा कागद त्याच्याकडे आहे का, आणि बी विकून त्याच्या हातात काय उरतं, यावर सगळं अवलंबून. पेरूत २००० सालच्या वनकायद्यानंतर कास्तान्यासाठी ४० वर्षांचे पट्टे दिले गेले. ज्यांच्याकडे पट्टा आहे ते लोक लाकूडचोरांशी आणि सोनं खणणाऱ्यांशी भांडताना मी पाहिलेत. तिथे जंगल उभं आहे ते या भांडणामुळे. बीचं काम एवढंच की भांडायला कारण देते.

इथे कोणी या विषयात काम केलेलं असेल तर लिहा. चुका दाखवा.

पानगळ_२

मस्त. वाचतेय. ते 'धप्प' वाचून अंगावर काटा आला.

मधाचं_बोट

मी असं ऐकलंय की एका ठरावीक ऑर्किडशिवाय हे झाड फळतच नाही. ऑर्किड गेलं की माशी जाते, माशी गेली की फळ जातं. तुमच्या लेखात ऑर्किड कुठेच नाही?

रानवाट

मुद्दाम टाळलं होतं, कारण ती गोष्ट सांगायला फार सोपी आणि म्हणून फार पसरलेली. ऑर्किडवर जातात ते ऑर्किड-माश्यांचे नर. तिथून सुगंधी द्रव्य गोळा करून अंगावर साठवतात, माद्यांना रिझवायला. कास्तान्याच्या फुलावर येतात त्या मुख्यतः माद्या. शिवाय त्या एकाच प्रकारच्या नसतात. लाकूड कोरणाऱ्या सुतारमाश्या असतात, भुंगे असतात, तेल गोळा करणाऱ्या माश्याही असतात. ऑर्किडचा संबंध आहे, पण तो आडवळणाचा. एक दुवा तुटला की सगळं कोसळलं अशी साखळी तिथे नाही. गोधडीसारखं आहे, ठिकठिकाणी टाके. बरेच टाके उसवले की मग थंडी लागते.

आकडेमोड

चांगला धागा. 'जंगल उभं ठेवणं फायद्याचं' या कल्पनेला आकड्यांचं बळ कुठून मिळालं ते सांगतो, कारण बरीचशी जाहिरातबाजी त्या एका लेखाच्या जिवावर चालते.

१९८९ च्या जूनमध्ये 'नेचर' या विज्ञान-साप्ताहिकात पीटर्स, जेंट्री आणि मेंडेलसन या तिघांचा दोनेक पानांचा लेख आला. पेरूत इकितोसजवळ मिशाना गावच्या एका हेक्टरवरची झाडं त्यांनी मोजली आणि फळं-चीक विकून वर्षाला किती मिळू शकतील ते काढलं. उत्तर आलं सुमारे ७०० डॉलर. तेच झाडून सगळं लाकूड तोडून विकलं तर एकदाच १००० डॉलर. झालं. वर्तमानपत्रांपासून परिषदांपर्यंत सगळीकडे हा आकडा. त्याच काळात जगभर वर्षावनाबद्दल हळहळ शिगेला पोचली होती, म्हणजे पेरायला वेळही अचूक सापडली.

आता भोक कुठे आहे बघा. तो एक हेक्टर, बाजारपेठ जवळ, फळं नाशवंत. शेजारच्या हजार हेक्टरांतूनही तेवढीच फळं बाजारात आली तर भाव राहील का? इकितोसची माणसं किती फळं खातील? लेखकांनी गणित चुकवलं नव्हतं, आपण ते भलत्या ठिकाणी लावलं. कास्तान्या या बाबतीत नशीबवान. वाळवली की टिकते, बोटीने कुठेही जाते. रानातल्या बाकीच्या शेकडो फळांना हे भाग्य नाही. म्हणून 'जंगलातून मिळणाऱ्या वस्तू' असं सरसकट बोललं की मी कान टवकारतो.

सुपारीफोड्या

आकडेमोडराव, तुम्ही आलात की धाग्यावर थंड पाणी पडणार हे ठरलेलं. (मुद्दा पटला.)

चिकित्सक_बाई

मूळ लेखात एक प्रश्न राहिला. फळ म्हणजे बी. सगळ्या बिया वेचून परदेशी पाठवल्या तर नवी झाडं कशातून येणार? पाचशे वर्षांची झाडं आज भरपूर फळतात म्हणून सगळं आलबेल वाटतं, पण तो म्हाताऱ्यांचा गाव झाला. पाळणा हललाच नाही तर?

२००३ मध्ये 'सायन्स' या विज्ञानपत्रिकेत कार्लोस पेरेस आणि सहकाऱ्यांनी नेमका हाच प्रश्न विचारला होता. ब्राझील, पेरू आणि बोलिव्हियातल्या २३ ठिकाणची झाडं त्यांनी तपासली. जिथे अनेक दशकं जोरात वेचणी चालू होती तिथे तरुण झाडं फार कमी किंवा अजिबात नव्हती. तेव्हा 'शाश्वत' हा शब्द पाकिटावर छापायच्या आधी थोडा श्वास घ्यावा.

रानवाट

बाई, हा प्रश्न येणार याची वाटच बघत होतो.

आधी एका प्राण्याची ओळख करून देतो, कारण त्याच्याशिवाय उत्तर अपुरं. नाव अगूती. मोठ्या सशाएवढा, उंच पायांचा, तपकिरी कृंतक. ब्राझीलमध्ये 'कुतिया', पेरूत 'आन्युखे'. तो लाकडी गोळा दातांनी कुरतडून उघडतो. आत वीसेक बिया. काही तिथेच खातो, उरलेल्या रानभर वेगवेगळ्या ठिकाणी पुरून ठेवतो, अडीअडचणीसाठी. मग काही ठिकाणं विसरतो, किंवा स्वतःच कोणाच्या तरी पोटात जातो. त्या विसरलेल्या बियांची झाडं होतात. बी रुजायलाच वर्ष-दीड वर्ष जातं, आणि रोप वाढायला वरून ऊन लागतं, म्हणजे शेजारी एखादं झाड पडून आभाळ मोकळं व्हायला हवं. एवढे योगायोग जुळले तर काही दशकांनी पहिलं फळ.

माणूस वेचतो तेव्हा तो अगूतीच्या ताटातून उचलतो हे खरं. त्यातून वेचणारे महिनोन् महिने रानात राहतात, मटणासाठी शिकार करतात, आणि अगूती चवदार आहे. म्हणजे बीही गेली आणि पुरणाराही. पेरेस यांच्या निष्कर्षामागे हे दोन्ही असावं.

पण पुढची गोष्टही सांगायला हवी. नंतर बोलिव्हियात आणि ब्राझीलच्या आक्रे राज्यात झालेल्या कामातून चित्र जरा वेगळं दिसलं. काही वेचणीच्या रानांत रोपं-तरुण झाडं ठीकठाक होती. याहून गमतीचं म्हणजे, लोकांनी झाडं तोडून दोन-तीन वर्षं कसली आणि मग पडीक टाकली अशा जमिनीत कास्तान्याची रोपं दाट जंगलापेक्षा जास्त सापडली. ऊन मिळतं, अगूतीला लपायला झुडपं मिळतात, आणि तोडलेल्या बुंध्यातूनही फुटवे येतात. म्हणजे फिरत्या शेतीवाल्याला आपण ज्या गुन्ह्यासाठी पिंजऱ्यात उभं करतो, त्यातूनच पुढच्या पिढीची झाडं उगवतात. अट एकच, पडीक जमीन पुन्हा वाढू द्यायची. तिथे गुरं सोडली की संपलं.

म्हणून माझं उत्तर: फळांतली काही तिथेच सोडा, वेचणीच्या मोसमात अगूती मारू नका, पडीक रानाला वेळ द्या. तिसरं सगळ्यात अवघड.

चिकित्सक_बाई

बुंध्यातून फुटवे येतात हे नवीन होतं. धन्यवाद. तरी पाचशे वर्षं जगणाऱ्या झाडाचा हिशेब दहा-पंधरा वर्षांच्या पाहणीवरून बंद करू नये, एवढं म्हणून थांबते.

रानवाट

मान्य. विनाशर्त.

उचलखोर

इथे सगळे झाड, माशी, ससा. माणसावर बोलू या का?

मी काही वर्षं हंगामी मजुरांच्या कर्जावर अभ्यास करत होतो, त्यात उत्तर बोलिव्हियावर बरंच वाचावं लागलं. तिथे हंगामाला 'साफ्रा' म्हणतात, वेचणाऱ्याला 'साफ्रेरो'. पांदो आणि बेनी या दोन प्रांतांत जुन्या रबराच्या काळातल्या वसाहती आहेत, त्यांना 'बार्राका' म्हणतात. हंगामाआधी मालक किंवा त्याचा मुकादम मजुराला उचल देतो: थोडे पैसे, तांदूळ, साखर, तेल, काडतुसं. या उचलीचं नाव 'आबिलितो'. मजूर बायकापोरांसह बोटीने रानात जातो, तीनेक महिने वेचतो, आणि शेवटी पेट्या मोजून हिशेब होतो. पेटी किती मोठी, मोजणारा कोण, रानातल्या दुकानात साखरेला काय भाव लावला, हे सगळं मालकाच्या हातात. चांगल्या वर्षी गडी चार पैसे घेऊन परततो. वाईट वर्षी उचल अंगावर तशीच राहते आणि पुढच्या हंगामाचा करार आपोआप झालेला असतो.

ही व्यवस्था रबराबरोबर आली आणि रबर गेलं तरी राहिली. तिच्यामुळे जंगल वाचलंय का? हो, काही अंशी वाचलंय! बार्राकाच्या मालकालाही झाडं उभीच हवी असतात. पाकिटावर 'जंगल वाचवते' लिहिलं तर ते खोटं नाही. 'गावकऱ्यांना आधार देते' हे लिहिलं की मग मला विचारावंसं वाटतं, कोणत्या गावकऱ्यांना?

पानगळ_२

आणि फोडणारे? ते कोण असतात? कवच तर दगडासारखं असतं म्हणे.

उचलखोर

फोडण्याचं केंद्र म्हणजे रिबेराल्ता शहर. कारखान्यात बिया वाफवतात, मग एकेक बी हाताच्या तरफेखाली दाबून कवच तडकवायचं. जोर जास्त झाला की गर मोडतो, आणि मोडक्याला भाव कमी. हे काम करणाऱ्यांत बहुसंख्य बायका. मोबदला किलोवर. त्यामुळे पूर्वी घरची पोरंही मदतीला बसायची, पहाटेच्या पाळीला. मजूर संघटनांनी आणि बाहेरच्या दबावाने हे बरंच कमी झालं, पण किलोवरची मजुरी आहे तोवर तो मोह जाणार नाही.

एक चांगली बाजू. १९९० च्या दशकानंतरच्या जमीन चळवळींमुळे उत्तर बोलिव्हियात रानात राहणाऱ्या कुटुंबामागे ५०० हेक्टर असं प्रमाण धरून गावांना सामूहिक हक्क मिळाले. त्यामुळे आज मोठा माल बार्राकांतून नव्हे, गावांच्या रानातून येतो. म्हणजे रानवाट म्हणतात तो 'कागद' बऱ्याच जणांना मिळालाय. उचल मात्र कागदाबरोबर गेली नाही. हंगामापूर्वी हातात रोकड नसते, मग गावातला माणूसही व्यापाऱ्याकडून आगाऊ घेतोच, आणि भाव तिथेच ठरतो.

भटकी_वेल

हक्क नसेल तर काय होतं याचं उदाहरण ब्राझीलमध्येच आहे. पारा राज्याच्या दक्षिणेला, माराबा शहराच्या भोवती, एकेकाळी जगातली सगळ्यात नावाजलेली कास्तान्याची रानं होती. 'पोलिगोनो दोस कास्तान्याइस' म्हणत त्या टापूला. १९७० नंतर रस्ते आले, गुरांची कुरणं आली, आरागिरण्या आल्या. झाड तोडायला कायद्याने बंदी झाली (१९९४ पासून देशभर), म्हणून कुरणवाल्यांनी काय केलं? बाकीचं रान जाळलं आणि कास्तान्याची झाडं तेवढी कुरणात उभी ठेवली. कायदा पाळला. एकटं झाड उन्हात, आगीत, माशीविना उभं राहतं, फळ धरत नाही आणि हळूहळू वाळतं. लोक त्याला झाडांचं कब्रस्तान म्हणतात.

त्याच भागात एल्दोरादो दोस काराजासजवळ १७ एप्रिल १९९६ ला पोलिसांनी १९ भूमिहीन शेतमजुरांना ठार मारलं. त्यांच्या स्मरणार्थ, हे घडलं त्या रस्त्याच्या वळणावर, नंतर कास्तान्याचे जळके बुंधे रोवले. १९ बुंधे.

मधाचं_बोट

...

सुपारीफोड्या

कुरणात एकटं झाड ठेवून कायदा पाळणं. डोकं लागतं याला.

रानवाट

वेल, हे लिहिलंत ते बरं झालं. याच्या उलट टोकाला आक्रे. शापुरी गावचे रबर गोळा करणारे, त्यांचा पुढारी शिको मेंदेस. झाडं तोडायला टोळी आली की बायकापोरांसह समोर उभं राहायचं, या पद्धतीला ते 'एम्पाते' म्हणत. त्यांची मागणी 'जंगल राखीव करा' एवढीच नव्हती. त्यांना हवं होतं की जमीन सरकारची राहील, पण वापराचा हक्क आमचा, रबर आमचं, कास्तान्या आमची. उन्हाळ्यात रबराचा चीक, पावसाळ्यात कास्तान्या, असं त्यांचं वर्ष ठरलेलं. २२ डिसेंबर १९८८ ला मेंदेस यांचा त्यांच्या घराच्या मागच्या दारात खून झाला. १९९० मध्ये त्यांच्या नावाचं राखीव क्षेत्र जाहीर झालं, ९ लाख ७० हजार हेक्टरांचं.

आज त्याच राखीव क्षेत्रात गुरं वाढली आहेत, जंगलतोडही बरीच आहे. रबराचे भाव गेले, पोरांना शिकवायचंय, दवाखाना लांब. गाय म्हणजे चालतीबोलती बँक. मुलगी आजारी पडली की एक विकता येते. कास्तान्याचं पोतं ऑगस्टमध्ये विकता येत नाही. याबद्दल त्या लोकांना नावं ठेवणं मला जमत नाही.

आकडेमोड

त्याच शापुरीची एक जुनी कथा. १९८९ मध्ये अमेरिकेत 'रेनफॉरेस्ट क्रंच' नावाची टॉफी निघाली, मग त्याच नावाचं आइसक्रीम. डब्यावर संदेश असा की यातल्या बिया रानातले लोक वेचतात, तुम्ही खाल तेवढं जंगल वाचेल. खप झाला तुफान. शापुरीची सहकारी संस्था तेव्हा नुकती उभी राहिलेली, कारखाना नवा. एवढ्या मागणीला पुरा पडेल इतका माल तिच्याकडे नव्हता. मग बहुतेक बिया नेहमीच्याच व्यापाऱ्यांकडून घेतल्या गेल्या. म्हणजे मागणी वाढली, ती ज्या व्यवस्थेला पर्याय द्यायचा होता तिच्याच गल्ल्यात. हेतू वाईट नव्हता. क्रम उलटा होता.

वजनकाटा

पहिल्यांदाच लिहितेय. मी बरीच वर्षं अन्नतपासणीच्या प्रयोगशाळेत होते, त्यामुळे माझं या बीशी नातं बुरशीपुरतं.

ओली बी पावसात रानात पडून राहिली, किंवा ओलसर कोठीत ढीग लागला, की तिच्यावर ॲस्परजिलस बुरशी येते आणि अफ्लाटॉक्सिन हे विष तयार होतं. यकृताला घातक, भाजून पूर्ण जात नाही. २००३ मध्ये युरोपीय संघाने ब्राझीलहून येणाऱ्या कवचासकट मालावर कडक तपासणीच्या अटी घातल्या आणि ब्राझीलची ती निर्यात जवळजवळ बसली. बोलिव्हिया सोललेला माल पाठवत होता, तो पुढे गेला. मूळ लेखात बोलिव्हिया पहिला का, याचं एक कारण हे.

सांगायचा मुद्दा असा की नियम बरोबर होता, तरी त्याचा भार सगळ्यात खालच्यावर पडला. कारखान्यात यंत्रं येतात. रानात मात्र उत्तर अगदी साधं आहे: फळं लवकर गोळा करा, पडून राहू देऊ नका, बिया जमिनीपासून उंच, हवेशीर, छपराच्या कोठीत पसरा, अधूनमधून फावड्याने हलवा. तशी कोठी बांधायला फळ्या, पत्रे आणि वेळ लागतो. वेचणाऱ्याला उचल फेडायची घाई असेल तर तो ओला मालच देऊन मोकळा होतो. म्हणजे उचलखोर म्हणतात ते आणि बुरशी यांचा थेट संबंध आहे.

उचलखोर

वजनकाटा ताई, हे मला कधी सुचलं नव्हतं. कर्ज आणि बुरशी. लिहीत राहा.

रानवाट

मी राहिलो तिथे दोन शेजारी होते. एकाची कोठी उंच, सागवानी नसली तरी नीट. दुसऱ्याची जमिनीलगत, ताडपत्री टाकलेली. फेब्रुवारीत दुसऱ्याच्या कोठीत शिरलं की कुबट वास यायचा. दोघांचं रान सारखंच, कष्ट सारखेच. पहिल्याने सहकारी संस्थेतून कमी व्याजाने पैसे घेतले होते आणि माल मार्चपर्यंत धरून ठेवला. फरक एवढाच. ताई, आज कळलं की तो वास कसला होता.

ताडमाड

कास्तान्याच्या बाहेरचं थोडं चालेल का? दोन उदाहरणं.

पहिलं बोर्नियोचं. तिथे तेंगकावांग नावाची झाडं, शोरिया जातीची. बीतून निघणारं तूप चॉकलेटात कोकोच्या लोण्याबरोबर वापरतात. पश्चिम कालिमंतानमधले दायाक लोक ही झाडं पिढ्यान् पिढ्या राखतात, लावतातही. पण ही झाडं दरवर्षी फळत नाहीत. चार-पाच वर्षांतून एकदा सगळं रान एकदम फळतं, इतकं की वेचायला हात पुरत नाहीत, आणि मग पुन्हा वर्षानुवर्षं शुकशुकाट. असल्या मालावर कारखाना कसा चालवायचा? 'बी विकून जंगल वाचवा' हे सूत्र तिथे लंगडतं, झाडाच्या स्वभावामुळेच.

दुसरं ब्राझीलच्या मारान्याओं राज्याचं, ॲमेझॉनच्या पूर्वेच्या काठाचं. बाबासू ताडाच्या बिया फोडून तेल काढणाऱ्या लाखो बायका. ताड उभे आहेत ती जमीन कुरणवाल्यांच्या कुंपणाआड गेली. बायकांनी नुसती जमीन मागितली नाही. त्या म्हणाल्या, फळ वेचायचा हक्क द्या, जमीन कोणाची का असेना. १९९७ मध्ये लागो दो जुंको या छोट्या नगरपालिकेने तसा कायदाच केला: खासगी जमिनीतही जाऊन बाबासू वेचायची मुभा आणि ताड तोडायला मनाई. पुढे इतर गावांनी कित्ता गिरवला. 'मोकळा बाबासू' म्हणतात त्या कायद्याला.

जमिनीचा हक्क आणि फळाचा हक्क वेगळे काढता येतात, हे मला त्यातलं सगळ्यात भारी वाटतं.

भटकी_वेल

बाबासूच्या बायकांना साष्टांग.

चिकित्सक_बाई

अंमलबजावणी होते का?

ताडमाड

सगळीकडे नाही. विजेची तार लावलेली कुंपणं अजून आहेत. पण बायकांच्या हातात दाखवायला कागद आहे, आणि तो घेऊन त्या टोळीने जातात.

पानगळ_२

हवामान बदलाचं काय? दुष्काळात झाडं फळतात का?

रानवाट

हे मी लिहायला हवं होतं. २०१५-१६ च्या एल निन्योत ॲमेझॉन कोरडं पडलं. फळाला १४-१५ महिने लागतात, त्यामुळे फटका लगेच दिसला नाही. दिसला २०१७ च्या हंगामात. लोक रानात गेले आणि झाडाखाली काहीच नव्हतं. जगात भाव गगनाला भिडले, पण ज्याच्याकडे विकायलाच माल नाही त्याला वाढलेल्या भावाचं काय कौतुक? त्यातून महाग झाली म्हणून बऱ्याच मोठ्या खरेदीदारांनी मिश्रणातून ही बीच काढून टाकली. पुढच्या वर्षी माल आला तर गिऱ्हाईक गेलेलं. २०२३ च्या दुष्काळानंतर पुन्हा तसंच चक्र फिरलं.

वेलींबद्दल एक. मोठ्या झाडांवर जाड वेली चढून त्यांचा माथा झाकतात. आक्रेतल्या लोकांचं म्हणणं होतं की वेली कापल्या तर फळ वाढतं. संशोधकांनी काही झाडांच्या वेली कापून वर्षानुवर्षं मोजलं आणि लोकांचं म्हणणं खरं निघालं. माचेते, एक दिवस, आणि काही वर्षांचा धीर. बियाणं नको, खत नको.

सुपारीफोड्या

रोज मूठभर खातो मी या बिया. आता अपराधी वाटू का अभिमान?

वजनकाटा

मूठभर? थांबा. या बीत सेलेनियम फार असतं. मोठ्या माणसाला दिवसाला ५५ मायक्रोग्रॅम लागतं, आणि एकट्या बीत त्याहून जास्त असू शकतं. माती बदलली की प्रमाण बदलतं, त्यामुळे नेमकं सांगता येत नाही. कमाल मर्यादा ४०० मायक्रोग्रॅम. रोज मूठभर खात राहिलात तर केस गळणं, नखं ठिसूळ होणं, तोंडाला लसणासारखा वास, अशी लक्षणं दिसू शकतात. एक-दोन पुरे.

सुपारीफोड्या

बायको म्हणतच होती वासाचं. मला वाटलं जेवणातला लसूण.

आकडेमोड

घ्या. जंगल वाचवता वाचवता केस गेले.

पानगळ_२

रानवाट, शेवटी त्या मैत्रिणीला काय सांगितलंत? पाकीट घ्यायचं की नाही?

रानवाट

तिला म्हटलं, पाकिटाच्या मागे बघ. देश लिहिलाय का, सहकारी संस्थेचं नाव आहे का, की नुसताच पोपट. तिने उलटून पाहिलं. नाव होतं, बोलिव्हियातल्या एका संस्थेचं. मग तिने पाकीट उघडलं, एक बी खाल्ली आणि लिहिलं, "जरा कुबट लागतेय."

म्हटलं, थुंकून टाक आणि पाकीट परत कर.